जुन्याला कर्ज नाही

जऊळक्याच्या बाजारात उकंडा मिस्त्री वांगी घ्यायला आला, की माळणी एकमेकींकडे बघून पदर तोंडाला लावायच्या. मिस्त्री पहिल्या माळणीपुढे उकिडवा बसायचा, एक वांगं उचलून देठापासून बुडापर्यंत बोट फिरवायचा आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "कोटेशन सांग." तिने भाव सांगितला की कानावरचं पेन्सिलीचं थुटूक काढून विडीच्या पुड्याच्या कागदावर तो लिहून घ्यायचा. मग दुसरी माळीण, मग तिसरी. तिघींचे भाव कागदावर उतरले, की परत पहिलीकडे यायचा आणि तिचा भाव सगळ्यांत जास्त असला तरी तिच्याचकडून पावशेर वांगी घ्यायचा. एकदा मी विचारलं, मग एवढा खटाटोप कशाला? तर म्हणाला, "तीन घ्याच लागते. घ्याचं कोनाचं, ते अगुदरच ठरेल असते."

गावात न्हावी एकच होता. त्याच्याकडूनही मिस्त्रीला दाढीची तीन कोटेशनं हवी असायची. तो बिचारा एक स्वतःच्या नावाने सांगायचा, एक मेलेल्या बापाच्या नावाने आणि एक अकोल्याला राहणाऱ्या भावाच्या नावाने. शीला नावाची मिस्त्रीची एकुलती एक मुलगी. तिला बघायला किन्हीराजाचे पाहुणे आले, तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर मिस्त्रीने मुलाच्या बापाला शांतपणे विचारलं, की पोराला जामीनदार कोण कोण आहेत, आणि त्यांचा सातबारा सोबत आणलाय का. बाप रागाने उठला. मुलगा मात्र खो खो हसत सुटला. तो हसला म्हणून मिस्त्रीने त्याला मुलगी दिली, असं मिस्त्रीची बायको गिरजाबाई सांगायची.

सगळं गाव त्याला 'कोटेशन मिस्त्री' म्हणून हसायचं. मीही हसायचो, पण जरा उशिरा आणि जरा कमी. कारण तो शब्द त्याला मी शिकवला होता. त्याआधी लोक त्याला साधा, सरळ, थोडासा तुसडा माणूस म्हणून ओळखत होते.

मी त्या वेळी जऊळक्याला बँकेत होतो. बँका सरकारी होऊन चार वर्षं झाली होती, दुष्काळ नुकताच सरला होता, आणि खेड्यात जा, कारागिराला कर्ज द्या, नवी यंत्रं आणा, असे हुकूम वरून सुटले होते. त्या हुकमांच्या लाटेत आमची शाखा स्टेशनरोडवरच्या सरकीच्या एका जुन्या गोदामात येऊन पडली. मॅनेजर, कॅशियर, शिपाई आणि कर्जाची कागदपत्रं बघणारा मी, एवढाच आमचा संसार. माझं वय सव्वीस. अमरावतीहून आलो होतो. आपण देश घडवायला निघालो आहोत, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. आता त्या मुलाची मला लाज वाटते.

मला खोली मिळाली ती उकंडा मिस्त्रीच्या टपरासमोर. टपर म्हणजे चार खांब, वर पत्रे, खाली तेलाने काळी झालेली जमीन, आणि त्या जमिनीवर आजूबाजूच्या मळ्यांतली आजारी इंजिनं. पाण्याची इंजिनं दुरुस्त करणं हा मिस्त्रीचा धंदा. पन्नाशीचा माणूस, उंच, वाळका, उजव्या हाताची करंगळी अर्धी. आधीची चार मुलं गेली म्हणून आईने ह्याचं नाव उकंडा ठेवलं होतं, म्हणजे उकिरड्यावरचं कोणी नेऊ नये म्हणून. दिवाळीला आणि बुद्धपौर्णिमेला तो पांढरा सदरा घालायचा. बाकी वर्षभर त्याच्या सदऱ्याचा रंग कुणी सांगू शकलं नसतं.

इंजिन बिघडलं की शेतकरी धावत यायचा आणि काय झालं ते सांगायला लागायचा. मिस्त्री त्याला हात वर करून गप्प करायचा. पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचा, लाकडी मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून ऐकत बसायचा. मालकाने मध्येच तोंड उघडलं तर म्हणायचा, "तुले इचारलं नाई. त्याले इचारून राह्यलो." मग डोळे उघडून निकाल द्यायचा आणि त्या निकालात इंजिनाला कधी दोष नसायचा. दोष मालकाचा असायचा. तेल कमी घातलं, पट्टा ताणून बांधला, हावरेपणाने दिवसभर पळवलं. पोहरादेवीच्या यात्रेत एका तंबू सिनेमावाल्याचं इंजिन ह्याने दुरुस्त केलं आणि त्या माणसाने इंजिनाला लाथ मारलेली पाहून मजुरी न घेता निघून आला. माणसांशी तो जेवढा फटकून वागायचा, तेवढाच यंत्रांशी अदबीने वागायचा. मला तेव्हा हे विक्षिप्तपणाचं वाटायचं.

पण त्याच्या हातात एक उणं होतं. इंजिनाचा दांडा झिजला, दांड्याभोवतीचा बुश गेला, तर ते कातून नवं करायला लेथ लागतं. लोखंड गरगर फिरवून हवं तेवढं तासणारं यंत्र. ते अकोल्याला. मग मिस्त्री तो दांडा पोत्यात गुंडाळायचा, पॅसेंजरने अकोल्याला न्यायचा, तिथल्या कारखान्यात नंबर लावायचा आणि आठ दिवसांनी आणायला परत जायचा. आठ दिवस इंजिन बंद म्हणजे आठ दिवस मळ्याला पाणी नाही. स्टेशनच्या पलीकडे माळ्यांचे भाजीचे मळे होते. फुलावर आलेली मिरची आठ दिवसांत मान टाकायची. किसन माळी नावाच्या माणसाचा वांग्याचा अख्खा वाफा असा वाळताना मी डोळ्यांनी पाहिला. मिस्त्री रोज संध्याकाळी त्या वाफ्यापर्यंत जाऊन यायचा. जणू त्याच्यामुळेच तो वाळत होता.

म्हणून बँक उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात तो आमच्या दारात आला. खुर्चीवर बस म्हटलं तर बसला नाही, कपडे तेलकट आहेत म्हणाला. त्याला लेथ हवं होतं. कुठलंही नाही, एक ठरावीक. अकोल्याच्या ज्या कारखान्यात तो अकरा वर्षं कामाला होता, तिथलं. मालक वारले होते, पोरांना धंद्यात रस नव्हता, कारखाना कुलूपबंद होता आणि आतलं विलायती लेथ विकायचं होतं. मिस्त्रीला ते अडीच हजारांत द्यायला पोरं तयार होती. त्या लेथवर मिस्त्रीने लग्नाआधीपासून काम केलं होतं. त्याची करंगळीही त्यावरच गेली होती, आणि ती चूक आपलीच होती, असं तो लेथच्या वतीने सांगायचा.

मी फाइल उघडली, नियमाचं पुस्तक उघडलं आणि आनंदाने अर्ज लिहायला बसलो. पुस्तकात लिहिलं होतं: कर्ज फक्त नव्या यंत्रासाठी. वापरलेल्या यंत्राला कर्ज नाही.

मी हे त्याला सांगितलं तेव्हा त्याला ते कळलंच नाही. तो म्हणाला, जुनं आहे म्हणूनच तर चांगलं आहे. नवं कसं निघेल हे कोण सांगणार? मी त्याला मॅनेजरांकडे नेलं. त्यांनी चहा मागवला आणि समजावलं, की जुन्या यंत्राची किंमत कशी ठरवायची, ते किती वर्षं चालेल हे कोण लिहून देणार, बँकेचा पैसा लोकांचा पैसा असतो. मिस्त्री म्हणाला, मी लिहून देतो. मॅनेजर हसले. ते माणूस वाईट नव्हते. ह्या सगळ्या प्रकारात वाईट माणूस मी पुष्कळ शोधला आहे. शोधून शोधून दर वेळी माझ्याचपाशी येऊन थांबतो.

तर नवं लेथ घ्यायचं ठरलं. नव्याची किंमत अकरा हजार. म्हणजे अडीच हजार द्यायला बँकेला ज्या माणसाचा भरवसा नव्हता, त्यालाच अकरा हजार द्यायला ती तयार होती. हे मला तेव्हा विचित्र वाटलं नाही. नियमात बसत होतं.

त्यासाठी तीन कोटेशनं हवी होती आणि सातबारावाले दोन जामीनदार. कोटेशन म्हणजे काय हे मी मिस्त्रीला तासभर समजावलं. अकोल्यात लेथ विकणारा मोठा दुकानदार एकच होता. पण त्यानेच हसत हसत तीन वेगवेगळ्या छापील कागदांवर तीन कोटेशनं करून दिली, दोन जास्त भावाची आणि एक स्वतःची. मिस्त्रीने ते तिन्ही कागद उलटसुलट करून पाहिले. घडी घालून माझ्या हातात परत दिले. पण ते त्याच्या मनात घर करून बसलं असणार.

जामीनदार मिळवायला मात्र तो दीड महिना फिरला. ज्या ज्या मळ्यात त्याने इंजिन सुरू करून दिलं होतं, त्या त्या मळ्यात गेला. सगळ्यांनी पाणी दिलं, म्हणजे लांबून ओंजळीत ओतलं. सगळे म्हणाले मिस्त्री तू आपलाच माणूस. मग एकाला भावाला विचारायचं होतं, एकाचा सातबारा तलाठ्याकडे होता, एकाच्या घरात सुतक होतं. त्याच्या हातून सुधारलेलं इंजिन गावाला चालायचं, त्याच्या घरचा चहा चालायचा नाही, आणि त्याच्या कागदावर सही तर मुळीच नाही. हे कुणी तोंडाने म्हटलं नाही. मिस्त्रीनेही म्हटलं नाही. मी म्हणतो आहे, कारण मी दीड महिना त्याचा चेहरा समोरून बघत होतो.

शेवटी सही केली ती किसन माळ्याने. तोच, ज्याचा वांग्याचा वाफा वाळला होता. घरी भांडण झालं, बायको दोन दिवस जेवली नाही, तरी त्याने चार एकरांचा सातबारा आणून माझ्या टेबलावर ठेवला. दुसरा जामीनदार मिळालाच नाही. पण मार्च जवळ आला होता, लघुउद्योगाचं एकही कर्ज आमच्या शाखेने दिलेलं नव्हतं आणि वरून तारा येत होत्या. मॅनेजर म्हणाले, एकावर भागवू. सगळं जमलं. फक्त यंत्र पसंत करायचं राहिलं.

मी आणि मिस्त्री अकोल्याला गेलो. दुकानात हिरव्या रंगाचं नवंकोरं लेथ झळकत होतं. मला ते फार आवडलं. मिस्त्रीने बूट नसलेले पाय पुसले, जवळ गेला, हातोडीच्या दांड्याने हळूच ठोकलं आणि कान दिला. मग चालू करायला लावून तळहात वर ठेवून उभा राहिला. बराच वेळ. मग माझ्याकडे वळून म्हणाला, की ह्याचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कच्चं आहे, वर्षभरात झिजेल, आणि ह्याच्यावर कातलेला दांडा किसनच्या इंजिनात घातला तर इंजिन महिन्याभरात मरेल. मी म्हणालो, मिस्त्री, घ्या तर खरं, काम तर सुरू होऊ द्या. तो नाही म्हणून मान हलवत राहिला.

तेव्हा दुकानदाराने आम्हाला आत बोलावलं, दार लोटलं आणि तोडगा सांगितला. त्या बंद कारखान्यातलं जुनं लेथ तो स्वतः विकत घेईल, घासून पुसून त्याला असाच हिरवा रंग देईल आणि नव्याच्या भावाने नवं म्हणून बिल करेल. मिस्त्रीला हवं ते यंत्र मिळेल, बँकेला हवं ते बिल मिळेल. त्याला काय मिळेल हे त्याने सांगितलं नाही. अशी बिलं तो वऱ्हाडभर करत होता.

परतताना गाडीत मी मिस्त्रीच्या मागे लागलो. म्हणालो, महाग पडेल पण तुमचं लेथ तर येईल. मॅनेजर बघूनही बघणार नाहीत. फक्त कुठे बोलू नका. सगळे असंच करतात. मिस्त्री खिडकीबाहेर बघत ऐकत होता. त्याने नाही म्हटलं नाही, म्हणून मी ते हो समजलो.

सोमवारी बाजाराचा दिवस. बँकेत पाय ठेवायला जागा नव्हती. मिस्त्री पांढरा सदरा घालून आला, सरळ मॅनेजरांच्या टेबलापुढे उभा राहिला आणि इंजिनाच्या आवाजावर बोलायची सवय असलेल्या त्याच्या त्या खड्या आवाजात म्हणाला, "साहेब, एक रीतसर इचारतो. जुन्याच मशीनले हिरवा रंग देऊन नव्या बिलावर घेतलं तं बँकेले चालते का? दुकानदार मंते चालते. हे आपले साहेब बी मंते चालते."

आणि त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. साक्षीदार म्हणून दाखवलं.

सगळी बँक हसली. मॅनेजर हसले नाहीत. कानाने ऐकलेली गोष्ट त्यांना आता न ऐकलेली करता येत नव्हती. त्यांनी मिस्त्रीला बाहेर बसायला सांगितलं, मला आत घेतलं आणि विचारलं की ही काय भानगड आहे. नोकरी कायम व्हायला दोन महिने उरले होते. मी म्हणालो, साहेब, माणूस जरा चक्रम आहे, काहीतरी ऐकून आलाय. मॅनेजर म्हणाले, मग फाइलवर तसा शेरा मारा. मी शेरा मारला. 'अर्जदार यंत्रखरेदीस उत्सुक नाही. प्रकरण बंद करावे.' अक्षर माझं चांगलं होतं.

त्या संध्याकाळी मी टपरात गेलो आणि चिडून विचारलं, काय गरज होती? तुम्हाला लेथ नकोच होतं का? तो दांड्यावरचा गंज घासत बसला होता. म्हणाला, "किसननं सही केली ना साहेब. उद्या मी मेलो तं बँक त्याचं चार एकर वावर मागन. कायच्यासाठी वावर लावलं, ते खरं खरं त्याले माहीत नको?" मग जरा वेळाने म्हणाला, की मॅनेजर साहेब शिकलेले आहेत, त्यांनी नाही म्हटलं म्हणजे काही कारण असेल. शेऱ्याबद्दल मी त्याला सांगितलं नाही.

पुढच्या मार्चला लघुउद्योगाचं कर्ज आमच्या शाखेने दिलं. गावातल्या आडत्याच्या जावयाला. तेच दुकान, तीच तीन कोटेशनं, तेच हिरवं लेथ. दोन जामीनदार मिळायला अर्धा तास लागला. नारळ फुटला, फोटो निघाला, लेथवर पांढऱ्या रंगाने बँकेचं नाव आलं आणि मॅनेजरांची बदली मोठ्या शाखेत झाली. जावयाला लेथचं तोंड कुठे आणि शेपूट कुठे हे माहीत नव्हतं. त्याला कमी व्याजाचा पैसा हवा होता आणि त्यातला बराच दुकानदाराकडून फिरून त्याच्या आडतीत आला, असं सगळे म्हणत. यंत्रावर ताडपत्री पडली. खाली कोंबडी अंडी घालू लागली. आमच्या अहवालात मात्र जऊळक्याला नवं यंत्र आलं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

एकदा जावयाने मिस्त्रीला त्या लेथवर रोजाने बोलावलं. मला वाटलं जाणार नाही. गेला. मळे वाळत होते म्हणून गेला. दिवसभर खपून एक दांडा कातला, मापला, परत मापला, आणि केसभर चुकतोय म्हणून दांडा बाजूला ठेवून, रोज न घेता परत आला. दुसऱ्या दिवशी पोतं खांद्यावर टाकून अकोल्याची पॅसेंजर पकडली. त्याच आठवड्यात त्याने बाजारात पहिलं कोटेशन मागितलं. लोक हसले. मला ती चेष्टा कुणाची चालली आहे ते कळत होतं.

आणखी एक गोष्ट गाव बोलायचं, पण हळू आवाजात. मिस्त्री दर दुसऱ्या ऐतवारी पांढरा सदरा घालून, खांद्याला पिशवी लावून अकोल्याला जातो. ऐतवारी कारखाने बंद असतात, मग कशाला जातो? अकोल्यात बाई ठेवली आहे, असं ठरलं. गिरजाबाईला बायका खोदून विचारत. ती काही बोलत नसे, त्यामुळे गोष्ट आणखी पक्की झाली. मीही ती मानली. खरं तर मला ती बरी वाटली. त्याचं काहीतरी चुकलेलं असलं, की माझं जरा हलकं व्हायचं.

असं तीन वर्षं चाललं. मग सहामाहीचा हिशेब संपवून एका शनिवारी मी टेबल आवरत होतो. 'सवडीने' म्हणून मी एक ढीग करून ठेवत असे. त्यात एक परिपत्रक निघालं. इंजिनिअरचा दाखला असेल तर वापरलेल्या यंत्रालाही कर्ज द्यावं, असं त्यात लिहिलं होतं. वर आवक शिक्का होता. तीन आठवड्यांपूर्वीचा. शिक्क्याखाली सही माझी होती. मी ते न वाचताच ढिगात टाकलं होतं.

कागद घेऊन मी धावत समोर गेलो. मिस्त्री कुणाच्या मळ्यात गेला होता. गिरजाबाई ज्वारी निवडत होती. तिला मी भडाभडा सांगितलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "उद्या ऐतवार हाय. त्याच्यासंगच जा भाऊ. तो तिकडंच जाते." मी बघत राहिलो. तेव्हा तिने सांगितलं, की बंद कारखान्याच्या चौकीदाराला चहापाण्याला काही देऊन मिस्त्री आत जातो, लेथवरची धूळ पुसतो, तेल घालतो, हाताने दोन फेरे फिरवतो आणि परत येतो. बंद यंत्र गंजतं म्हणून. मालकाच्या पोरांना ठाऊक नाही. "पोरगी सासरी गेली, तिच्याकडं बी इतक्यांदा नाई गेला," एवढं बोलून ती पुन्हा ज्वारीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी गाडीत मी त्याला परिपत्रक वाचून दाखवलं. त्याने दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग विचारलं, "मंग रंग द्या लागत नाई?" मी म्हणालो, नाही, आहे तसंच. त्यानंतर अकोला येईपर्यंत तो बोलतच होता. एवढं बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. टपरात कुठल्या कोपऱ्यात पाया घालायचा, सकाळचं ऊन कुठल्या बाजूने आलं की माप नीट दिसतं, किसनचा दांडा पहिला कातायचा. सामान्य सुखी माणसासारखा तो दिसत होता. मी ठरवलं, की परतताना त्याला शेऱ्याचं सगळं सांगून टाकायचं. आता सांगता येईल असं मला वाटलं.

कारखान्याच्या फाटकावर चौकीदार बसला होता. मिस्त्रीला बघून तो उठला आणि उठल्यावर काय करावं ते न कळून तसाच उभा राहिला. गुरुवारी सगळं भंगारात गेलं होतं, वजनावर. मिस्त्री आत गेला. मी मागे गेलो. शेड रिकामी होती. लेथ जिथे होतं तिथे जमिनीतून चार बोल्ट वर आलेले होते आणि भोवती बिडाचा बारीक चुरा होता.

मिस्त्रीने विचारलं, चुरा कशाचा? चौकीदार म्हणाला, की अख्खं ट्रकमध्ये चढेना, म्हणून घणांनी फोडलं. सकाळी लागले होते, संध्याकाळपर्यंत मारत होते.

मिस्त्रीने वाकून चिमूटभर चुरा बोटांत घेतला. मग चौकीदाराकडे वळून त्याने विचारलं, "तुमी होते का जवळ?"

"होतो ना. पूरा दिवस."

"बरं झालं," मिस्त्री म्हणाला. "वळखीचं कोनी तं होतं."

पिशवीतून तेलाची बाटली आणि धुतलेल्या फडक्याची घडी काढून त्याने चौकीदाराच्या हातात दिली. फाटकाला कामी येईल म्हणाला. मला रडू आलं. त्याला आलं नाही.

स्टेशनवर गाडीला दीड तास होता. आम्ही बाकावर बसलो. परिपत्रक माझ्या हातातच होतं. घामाने त्याचं एक टोक ओलं झालं होतं. मिस्त्रीने ते बघितलं आणि विचारलं, "हा कागद कधी आला होता साहेब?"

शिक्का वरच होता, पण त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. मी म्हणालो, "काल."

"कालच ना? मंग तुमी कायले तोंड पाडून बसले?" तो म्हणाला. "गुरुवारी फुटलं ते. तुमच्या हाती काई नव्हतं."

मग गिरजाबाईने बांधून दिलेली शिदोरी त्याने सोडली, एक भाकरी मोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. मी ती खाल्ली.